भिंतीतून उगवलेला पिंपळ : काढावा की राहू द्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोजच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर गावाची जुनी वेस आहे आणि तिच्या कमानीवर पिंपळ उगवला आहे. पुढे एका पडीक वाड्याच्या भिंतीवरून वडाची मुळे खाली उतरली आहेत. माती नाही, कोणी पाणी घालत नाही, तरी ही झाडे जगतात कशी? त्यांच्यामुळे इमारत पडते का? स्वतःच्या घराच्या दगडी जोत्यातही असेच एक रोप आले आहे, ते काढायचे कसे? आणि वेशीच्या कमानीखाली पाखरांची घरटी आहेत, दुरुस्ती निघाली तर त्यांचे काय करायचे?

मी दगड-चुन्याच्या जुन्या बांधकामांची दुरुस्ती करतो, त्यामुळे उत्तर गवंड्याच्या बाजूने देतो. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. भिंतीत झाड आले की त्या जागी पाणी मुरते आहे आणि दर्जा, म्हणजे दगडांमधले चुन्याने भरलेले सांधे, उघड्या पडल्या आहेत, हे पक्के समजा. लोक कोयता घेऊन झाडाकडे धावतात आणि पाणी तसेच मुरत राहते. मग एकदोन पावसाळ्यांत त्याच जागी नवे रोप उभे असते.

आता ती जगतात कशी, ते पाहू. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक ही सगळी एकाच कुळातली. यांतले वड, पिंपळ, नांद्रुक रानातही पुष्कळदा जमिनीवर जन्माला येत नाहीत. दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात, साचलेल्या पालापाचोळ्यात ती रुजतात आणि तिथून मुळे खाली सोडतात. जमिनीवर सावली आणि गवताची स्पर्धा असते, वर ऊन भरपूर मिळते. जुन्या भिंतीची फट त्यांच्या लेखी त्या बेचक्यासारखीच जागा आहे. आपल्याला ते रोप आडरानात सापडल्यासारखे वाटते, पण ते अगदी त्याच्या सवयीच्या ठिकाणी असते.

बी तिथे पाखरे आणि वटवाघळे नेतात. पिंपळाच्या एका फळात बारीक बिया खच्चून भरलेल्या असतात, एकेक बी जेमतेम मिलिमीटरभर. मैना, बुलबुल, कोकिळ, तांबट, धनेश ही मंडळी फळे खातात आणि बिया त्यांच्या विष्ठेतून धडधाकट बाहेर पडतात. हरियाल, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यपक्षी, वडा-पिंपळावर पुष्कळ दिसतो, पण त्याच्या पेषणीत, म्हणजे पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत, बऱ्याचशा बिया दळल्या जातात, म्हणून पेरणीचे श्रेय त्याला कमीच. खाऊन झाल्यावर पाखरू बसते कुठे? कंगोऱ्यावर, कमानीच्या टोकावर, सज्जाच्या कडेला, पन्हळीवर. रस्त्यावरून वर पाहिलेत तर लक्षात येईल की झाडे भिंतीवर कुठेही उगवलेली नसतात. पाखरू बसण्याची जागा आणि पाणी अडण्याची जागा जिथे एक होते, तिथेच ती दिसतात.

आणि भिंत कोरडी नसते. चुन्याची दर्ज सच्छिद्र असते. कळीचा चुना विरवून दर्जेत भरला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा होतो, पण त्यात बारीक छिद्रे राहतातच. पावसाचे पाणी त्यातून आत जाते आणि उन्हात बाहेर पडते. जुनी भिंत अशीच श्वास घेत टिकली. दख्खनच्या जाड भिंतींना दोन्ही तोंडांनी घडीव काळा दगड असतो आणि मधे दगडगोटे, चुना, कधी नुसती माती यांची भर असते. वरचा थर फुटला की त्या भरीत पाणी उतरते आणि पाऊस संपल्यावरही कित्येक महिने ओल टिकते. म्हणजे तुम्हाला बाहेरून माती दिसत नाही, पण झाडाला ती आत सापडलेली असते.

अशा फटीतले वीतभर रोप मुळासकट निघाले तर नीट निरखून पाहा. खोडाचा बुंधा आणि वरचे मूळ गाजरासारखे फुगलेले असते. तो त्याचा पाण्याचा आणि अन्नाचा साठा. उन्हाळ्यात पाने गळून रोप मेल्यासारखे दिसले तरी या गाठीच्या जोरावर पहिल्या पावसात ते पुन्हा फुटते. नुसता शेंडा छाटून काही होत नाही, त्याचे कारण हेच. दरवर्षी वरून छाटत राहिले तर पाने येतात-जातात आणि आत मूळ मात्र जाड होत राहते. बाहेर बोटभर खोड आणि आत मनगटाएवढे मूळ असा प्रकार मी अशाच ‘दरवर्षी साफसफाई होणाऱ्या’ भिंतींत पाहिला आहे.

इमारत पडते का? पडू शकते, पण लोक समजतात तशी नाही. कोवळे मूळ दगड फोडत नाही. ते असलेल्या फटीत शिरते. वाढणाऱ्या मुळाच्या टोकाचा दाब सुमारे १ मेगापास्कलपर्यंत जातो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० किलो. काळ्या बेसाल्टला त्याचे काहीच वाटत नाही. चुन्याची दर्ज मात्र दाबाखाली बरी टिकते आणि ओढ लागली की चटकन सुटते. मूळ जाड होऊ लागले की ते दोन दगडांना एकमेकांपासून दूर ढकलते आणि दर्ज सुटते. फट रुंदावली की पाणी जास्त येते, पाणी आले की मूळ आणखी वाढते.

एका जुन्या वेशीचा बुरूज उतरवताना हे अगदी उघडे दिसले होते. तोंडाचे दगड खुणा करून एकेक थर काढत गेलो. पहिल्या दोन थरांत मूळ दर्जेच्या मापाने चपटे झाले होते, जाडी कमी आणि रुंदी हाताच्या पंजाएवढी. भरीत शिरल्यावर तेच गोल आणि जाड झालेले. तिथून त्याला फाटे फुटले होते आणि प्रत्येक फाट्याने दगडगोट्यांच्या भोवती केसांसारख्या बारीक मुळांचा दाट गोळा केला होता. भरीतला चुना त्या गोळ्यात भुसभुशीत झाला होता, बोटाने चुरला तरी पडेल इतका. पण त्याच वेळी तो गोळाच ती भर धरून होता. तो झटक्यात ओढला असता तर आतली भर खाली आली असती आणि बाहेरचा पातळ थर एकटा उभा राहिला असता. मोठे झाड काढताना भिंती पडतात त्या अशा.

जुन्या भिंतीतले मोठे झाड हा भिंतीचा शत्रूही असतो आणि कधीकधी टेकूही. वसईच्या किल्ल्यात, जो चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून घेतला, पडक्या भिंतींना मुळांनी मिठी मारलेली दिसते. तिथे कुठले मूळ भिंत पाडते आहे आणि कुठले सावरते आहे, हे एकेक जागा पाहूनच ठरवावे लागते. कंबोडियातल्या ता प्रोम मंदिरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेच दुरुस्तीचे काम केले आणि तिथली प्रचंड झाडे राखूनच केले. झाड दिसले की कापा, असा सरसकट नियम नाही, आणि नसावाच.

आता तुमच्या जोत्याकडे येऊ.

रोप दोन-चार पानांचे असेल तर काम सोपे आहे. पावसाळा सरता सरता, भाद्रपद-आश्विनात, भिंत ओली आणि दर्जा मऊ असताना ते हाताने सावकाश ओढा. पातळ छन्नीने भोवतीचा सुटा चुना आधी मोकळा करा. फुगलेली गाठ बाहेर आलीच पाहिजे, ती आत तुटली तर काम झालेले नाही. पूर्वी वाड्यांत हे दसऱ्या-दिवाळीच्या साफसफाईत आपोआप होऊन जाई. माणसे वर चढत, पन्हळी साफ करत, आलेली रोपे उपटत. वाडे रिकामे पडले आणि हे काम थांबले. रस्त्यावरून जी मोठी झाडे दिसतात ती बहुतेक त्या थांबलेल्या साफसफाईची आहेत.

खोड बोटाएवढे किंवा जाड झाले असेल तर ओढू नका. मूळ किती खोल गेले आहे ते बाहेरून कळत नाही. शक्य असेल तर दर्ज उघडून, एकदोन दगड खुणा करून उतरवून, मूळ काढून दगड पुन्हा त्याच जागी बसवणे सगळ्यात चांगले. जोत्याच्या वरच्या थरात हे सहज होते. तसे जमत नसेल तर खोड भिंतीपासून थोडे ठेवून कापायचे आणि ताज्या कापावर लगेच, चीक वाळायच्या आत, तणनाशक ब्रशने लावायचे. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध आणले आणि त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता ठेवला, तेव्हा हे काम त्यांच्याकडूनच करून घ्या. विहीर, हौद, वाहते पाणी जवळ असेल तर हा मार्ग सोडून द्या. एकदा लावून भागत नाही, पुढच्या पावसात फुटवा आला की पुन्हा लावावे लागते.

काय करू नये हेही स्पष्ट सांगतो, कारण हे सल्ले सर्रास दिले जातात. अ‍ॅसिड ओतू नका. ते मुळापेक्षा आधी चुना खाते, दर्जाच विरघळतात. मीठ ठासू नका. ते पाण्याबरोबर भिंतीत पसरते, वाळताना त्याचे खडे होतात आणि दगड-विटांचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. रॉकेल-डिझेलचे डाग दगडातून जात नाहीत. जाळणे तर अजिबात नको, तापलेला दगड तडकतो आणि वाड्यात लाकडी तुळया भिंतीत शिरलेल्या असतात.

मूळ मेले की निम्मे काम झाले. मेलेले मूळ कुजते, तिथे पोकळी राहते, वाळवी येते, पाणी जाते. पाण्याची वाट आधी शोधा : पन्हळ तुंबली आहे का, वरच्या थराचा उतार आत आला आहे का, शेजारच्या मोरीचे पाणी जोत्याशी साचते का. ते बंद केल्यावर दर्जा भरायच्या, आणि त्या चुन्यानेच. साधारण १ भाग विरवलेला चुना, १ भाग सुरखी (भाजक्या विटांची भुकटी) आणि २ भाग चाळलेली वाळू हे मिश्रण आमच्याकडे चालते. आतल्या पोकळीत हेच पातळ करून वरच्या बाजूने थोडे थोडे सोडतात. भरण्याआधी दर्ज धुऊन ओली करा, भरल्यावर गोणपाट टाकून दोन-तीन आठवडे ओल ठेवा. घाई केली तर चुना भेगाळतो.

सिमेंट वापरू नका. हे मी हात जोडून सांगतो, कारण झाडांपेक्षा जास्त नुकसान मी सिमेंटने झालेले पाहतो. सिमेंटचा थर कडक आणि घट्ट असतो. भिंतीतले पाणी त्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ते शेजारच्या मऊ दगडातून, विटेतून वाट काढते. थोड्या वर्षांत सिमेंट आणि दगड यांच्यामध्ये केसाएवढी भेग पडते आणि पुढचा पिंपळ नेमका त्या भेगेत येतो. रस्त्याने जाताना जुन्या भिंतीवरचे करडे ठिगळ शोधा आणि त्याच्या कडेने पाहा. रोपे ठिगळाच्या मधे नसतात, काठाने रांगेत असतात.

पिंपळ-उंबराला हात लावायला मजूर कचरतात हा प्रश्नही येईलच. उंबर दत्ताचा, पिंपळावर मुंजा, ही भावना खरी आहे आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. गाठीसकट निघालेले रोप पिशवीत लावले तर छान जगते. ते मोकळ्या माळावर, इमारतीपासून लांब लावायचे ठरवले की गवंडीही आनंदाने हात लावतो. बरीच देवळे आम्ही अशीच मोकळी केली आहेत.

आता पाखरे. जुन्या भिंतीत चौकोनी भोकांच्या आडव्या रांगा दिसतात, त्या परांचीच्या. बांधताना वासे अडकवायला ठेवलेली ही भोके पुढे पिंगळा, पोपट, साळुंक्या, खारी यांनी घेतली. कमानीच्या पोटाला पिसे आणि काड्या लाळेने चिकटवून केलेली गोळ्यासारखी घरटी असतील तर ती पाकोळ्यांची. गवंडी दुरुस्तीला आला की पहिल्यांदा ही भोके बुजवतो, कारण ती त्याला ‘राहिलेले काम’ वाटतात. भोक भरायच्या आधी एक संध्याकाळ खाली उभे राहा. कोण आत जाते, कोण बाहेर येते, ते अंधार पडता पडता कळते. पोपट आणि पिंगळे हिवाळा सरल्यापासून उन्हाळ्यात वीण घालतात, साळुंक्या उन्हाळा ते पावसाळा. म्हणून कार्तिक-मार्गशीर्षाचे दिवस कामाला उत्तम. चुन्यालाही तेच मानवतात, ऊन कडक नसते आणि पाऊस थांबलेला असतो. पाकोळ्या मात्र एकाच ठिकाणी वर्षातून अनेकदा घरटी वापरतात, त्यांचा भाग शेवटपर्यंत सोडून द्या. पावसाची झड न लागणारी वरची भोके कायमची उघडी ठेवली तर भिंतीचे काही बिघडत नाही. पारव्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या विष्ठेने दगड खराब होतो आणि पन्हळी तुंबतात, त्यांना जाळी लावणे योग्य.

इतर हिरवाईबद्दल थोडे, कारण चालताना ती जास्त दिसते. भिंतीवरचे काळे पट्टे ही मळ नसून पाण्याच्या वाटेवर वाढलेली शेवाळवर्गीय वाढ असते, तिने भिंतीला फारसे होत नाही. पट्टा जिथून सुरू होतो तिथे वर पाहा, गळती तिथे आहे. हंसराज, तो नाजूक काळ्या देठाचा नेचा, दिसला तर तिथे बारा महिने ओल आहे. जुन्या विहिरींच्या आत तो असतो ते त्यामुळेच. दगडफूल तर उलट चांगली खूण, दगड बऱ्याच वर्षांत कोणी घासलेला नाही आणि हवा बरी आहे. एकदांडी आणि गवत माथ्यावर असेल तर नुसती धूळ साचली आहे, झाडून निघते. या सगळ्यांत भिंतीला खरा धोका वड-पिंपळाच्या कुळाचाच. बाकीच्यांच्या मागे वायरचा ब्रश घेऊन लागू नका, त्याने घडीव दगडावरची टाकीची (छन्नीची) खूण जाते आणि ती परत येत नाही.

राहिली वेस. कमानीवरचे झाड तुम्ही किंवा मंडळाच्या मुलांनी चढून कापू नका. कमान दगडांच्या एकमेकांवरच्या दाबावर उभी असते, मधला एक दगड सैल झाला तर सगळी खाली येऊ शकते. आधी ती संरक्षित आहे का पाहा. केंद्राच्या यादीत असेल तर १९५८ च्या कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, राज्याच्या यादीत असेल तर १९६० च्या कायद्याखाली पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. कुठल्याच यादीत नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. शहरी हद्दीत झाड मोठे झाले असेल तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगीही लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण आहे.

अर्जाबरोबर फोटो द्या, पण नुसता झाडाचा नको. भेग जवळून, शेजारी मोजपट्टी धरून, तारीख टाकून. भेगेवर आडवा गिलाव्याचा तळहाताएवढा पातळ ठिपका लावून त्यावर तारीख कोरता आली तर फार उपयोग होतो, अर्थात हात पोचेल तिथेच आणि इमारत संरक्षित नसेल तरच. पुढच्या पावसाळ्यानंतर तो ठिपका तडकला असेल तर भेग हलते आहे. ठिपका तडकलेला दिसला तर कमानीखालची ये-जा थांबवायला सांगा आणि अभियंता येऊन टेकू लागेपर्यंत वरच्या झाडाचे पानही तोडू देऊ नका.